अब्रू, पत, इभ्रत, लौकिक: कोणता शब्द कुठे?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी मी 'संस्थेची अब्रू पंचक्रोशीत पसरली आहे' असे लिहिले होते. संपादकांनी 'अब्रू' खोडून 'लौकिक' घातला. अब्रू, पत, इभ्रत, लौकिक हे एकाच अर्थाचे शब्द नाहीत का? — एक वाचक, सातारा

उत्तर : संपादकांची दुरुस्ती योग्य आहे. शब्द अडला की त्याच्यासोबत कोणते क्रियापद येते ते पाहावे. अब्रू राखतात, घेतात, घालवतात, चव्हाट्यावर मांडतात. ती पसरत नाही. फारसीत 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. मोत्याचे पाणी म्हणताना पाण्याचा जो अर्थ आपल्या मनात असतो, तेच हे चेहऱ्यावरचे पाणी. 'आब राखणे' यातला आबही तोच. अब्रू माणसाला असतेच, भीती असते ती जाण्याची. लौकिक मिळवावा लागतो. शब्द 'लोक'पासून आला आहे. चार लोक बोलतात तेव्हा तो होतो, म्हणून तो वाढतो, पसरतो. संस्थेसाठी याहून नेमका शब्द नाही. 'प्रतिष्ठा' हल्ली जिथे तिथे वापरतात, तिथेही अनेकदा 'लौकिक'च हवा असतो.

पत हा व्यवहारातला विश्वास : पतपेढी, पतपुरवठा, पतधोरण. हप्ते थकले की पत घसरते, पण तेवढ्याने कोणाची अब्रू जात नाही. हा भेद तुमच्या अंकात तरी कटाक्षाने पाळा.

इभ्रत मूळची अरबी. उर्दूत 'इबरत' म्हणजे दुसऱ्याची दशा पाहून घेतलेला धडा. मराठीत तिचा अर्थ मानमरातब असा झाला. उर्दू मजकुराचे भाषांतर करताना इथे हमखास चूक होते.

प्रश्न : 'अब्रुनुकसानी' की 'अब्रूनुकसानी'? आणि तिचा दावा म्हणावे की खटला?

उत्तर : नियमाप्रमाणे 'अब्रूनुकसानी'. समासातले पहिले पद तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) आणि मुळात ऱ्हस्वान्त (शेवटी ऱ्हस्व स्वर असलेले) असेल तर ते ऱ्हस्वच राहते : प्रसिद्धिपत्रक, कीर्तिस्तंभ. अब्रू तत्सम नाही, म्हणून दीर्घ. वृत्तपत्रांत ऱ्हस्व रूप सर्रास दिसते, तरी ते टाळावे.

भरपाई मागायची तर दिवाणी न्यायालयात दावा. शिक्षा व्हावी म्हणून चालतो तो फौजदारी खटला. त्यासाठी आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेबद्दल लिहिताना मात्र भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ आणि ५०० द्यावीत.