चॉकलेट गुरामी अन्नाला तोंड का लावत नाहीत?

प्रश्न : नुकतेच आणलेले चॉकलेट गुरामी मासे कोरडे खाद्य खात नाहीत आणि पर मिटून कोपऱ्यात बसतात. टाकीत बोअरवेलचे पाणी आहे. काय करावे?

उत्तर : आधी पाणी सुधारावे, खाद्याचा विचार त्यानंतर. मलेशिया, सुमात्रा आणि बोर्निओतील दलदलींमध्ये, कुजत्या पानांमुळे कोऱ्या चहासारख्या झालेल्या, जवळजवळ क्षारविरहित आणि आम्लधर्मी पाण्यात हा मासा राहतो. बोअरवेलचे जड पाणी त्याला मानवत नाही. आरओचे पाणी थोडे थोडे मिसळत सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप) सावकाश ५ ते ६ पर्यंत आणावा आणि तापमान २५ ते २८ अंश ठेवावे. देशी बदामाची गळून वाळलेली पाने टाकीत सोडली, की पाण्याला हवा तो तपकिरी रंग येतो. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, म्हणून टाकीवर झाकण हवेच.

हालचाल करणारे भक्ष्य त्याला ओळखू येते; त्यामुळे डॅफ्निया (पाण्यातले बारीक पिसूसारखे जीव), आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवांची) ताजी पिल्ले किंवा डासांच्या अळ्या, लगेच संपतील इतक्याच, दिवसातून दोनदा द्याव्यात. चपळ मासे सोबत ठेवू नयेत, कारण त्यांच्यापुढे हा भिडस्त मासा उपाशीच राहतो. मादीचा गळा फुगलेला दिसला, तर ती तोंडात अंडी सांभाळत असण्याची शक्यता आहे. तेव्हा ती खात नाही, तिला मुळीच हलवू नये.