वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यालगतचे डॉल्फिन

किनाऱ्याजवळ राहणाऱ्या डॉल्फिनांविषयी आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : डॉल्फिन श्वास घेण्यापुरते वर येतात आणि लगेच बुडतात, शिवाय सगळे सारखेच दिसतात. मग अमुक उपसागरात अमुक इतके डॉल्फिन आहेत, असे अभ्यासक कशाच्या आधारे सांगतात?

उत्तर : ते सारखे दिसतात ते आपल्या नजरेला. छायाचित्र मोठे करून पाहिले, की पाठीवरील पराची मागची कड बहुधा अखंड नसल्याचे ध्यानात येते. तेथील कातडी पातळ असते आणि आपापसांतील चावाचावीत किंवा जाळ्यादोऱ्यांत घासून तिला खाचा पडतात. या खाचा वर्षानुवर्षे टिकतात आणि प्रत्येक प्राण्याच्या पराची नक्षी निराळी होते. बर्न्ड आणि मेलनी व्युर्झिग यांनी अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर या खुणांवरून कळपातील एकेक डॉल्फिन ओळखून दाखवला आणि 1977 मध्ये ते काम ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. आज ही पद्धत जगभर रुळली आहे.

मोजणीचे गणित मात्र थोडे समजून घ्यावे लागते. समजा, पहिल्या फेरीत खाचांवरून ओळखता येणारे 60 डॉल्फिन नोंदवले. काही दिवसांनी दुसऱ्या फेरीत 50 नोंदवले आणि त्यांतील 30 पहिल्या फेरीतलेच निघाले. दुसऱ्या फेरीतील पाचांपैकी तीन आधी पाहिलेले होते, म्हणजे पहिल्या फेरीतील 60 हेही एकूण संख्येच्या तीन-पंचमांश असावेत. त्यावरून ओळखता येणारे डॉल्फिन 100 ठरतात. आता काहींच्या, विशेषतः पिल्लांच्या, परावर खूणच नसते. सगळ्या छायाचित्रांत अशांचे प्रमाण 20 टक्के भरले, तर ते 100 हे एकूण संख्येचे 80 टक्के होत आणि एकूण संख्या 125 येते.

हे गणित काही गोष्टी गृहीत धरते. दोन फेऱ्यांच्या दरम्यान कोणी कायमचे निघून गेलेले नाही, कोणाची खूण ओळखू न येण्याइतकी बदललेली नाही आणि प्रत्येक प्राणी छायाचित्रात येण्याची शक्यता सारखी आहे, ही ती गृहीतके. तिसऱ्यावर अभ्यासकांचा स्वतःचाही पुरता विश्वास नसतो, कारण काही डॉल्फिन होडीलगत येतात आणि काही कायम अंतर राखतात. म्हणून प्रत्यक्षात याहून गुंतागुंतीची गणिते वापरतात आणि उत्तर एका आकड्यात न देता मर्यादा सांगून देतात. स्कॉटलंडमधील मरे फर्थच्या डॉल्फिनांची 1992 मधील संख्या 129 अशी अंदाजिली गेली, पण त्यासोबत 110 ते 174 ही मर्यादाही दिलेली होती. वर्तमानपत्रात केवळ 129 छापले जाते आणि पुढील मोजणीत 120 आले की घट झाल्याची बातमी होते. तेवढ्यावरून घट झाली असे म्हणता येत नाही, आणि झाली नाही असेही म्हणता येत नाही.

प्रश्न : संरक्षित क्षेत्रात पूर्वीच्या मानाने कमी डॉल्फिन दिसत असतील, तर संरक्षण फसले असे समजावे काय?

उत्तर : लगेच तसे समजू नये. मरे फर्थचेच उदाहरण येथेही उपयोगी पडते. तेथील डॉल्फिनांनी 1990 च्या दशकात आपला वावर दक्षिणेकडे, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याने वाढवला. पुढे असे दिसून आले, की एकूण समूह वाढतो आहे, पण त्यातील संरक्षित क्षेत्र वापरणाऱ्यांचे प्रमाण घटते आहे. केवळ क्षेत्राच्या सीमेत मोजणी केली असती, तर या वाढीचा पत्ताच लागला नसता. नकाशावरील रेषा आपण आखतो. डॉल्फिन माशांच्या मागे जातात.

प्रश्न : डॉल्फिनचा चेहरा नेहमी हसरा का असतो?

उत्तर : ती जबड्याची ठेवण आहे, भावना नव्हे. मेलेल्या डॉल्फिनचा चेहराही तसाच दिसतो. स्वभावाबद्दलची कल्पनाही थोडी सुधारून घ्यावी लागेल, कारण पॉर्पॉइज या आपल्या लहानखुऱ्या नातलगांना डॉल्फिन धडका देऊन ठार करतात, हे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर लागलेल्या मृतदेहांवरून 1996 मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रश्न : डॉल्फिन एकमेकांना नावाने हाक मारतात, हे कितपत खरे?

उत्तर : मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या दांपत्याने 1965 मध्ये नोंदवले, की प्रत्येक बाटलीनाक्या डॉल्फिनची स्वतःची अशी एक शीळ असते. पिल्लू ती बहुधा पहिल्या वर्षातच घडवते. तरीही एक शंका उरत होती. माणूस जसा केवळ आवाजावरून ओळखू येतो, तशी ही ओळख आवाजाच्या पोतावरून पटते, की शिळेच्या चढउतारावरून? फ्लोरिडातील सारासोटा उपसागरात डॉल्फिनांचा अभ्यास 1970 पासून अखंड चालू असल्याने कोण कोणाचे नातलग हे तेथे ठाऊक होते. अभ्यासकांनी शिळेतून आवाजाचा पोत काढून टाकला, फक्त चढउतार संगणकाने पुन्हा घडवला आणि आरोग्यतपासणीसाठी थोडा वेळ धरलेल्या डॉल्फिनांना तो ऐकवला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 14 पैकी 9 डॉल्फिन नातलगाच्या शिळेकडे अधिक वेळा वळले. पुढे 2013 मध्ये स्कॉटलंडजवळ मोकळ्या समुद्रात असे आढळले, की डॉल्फिनला त्याच्याच शिळेची नक्कल ऐकवली तर तो शीळ घालून उत्तर देतो. याला ‘नाव’ म्हणण्यास माझी हरकत नाही. मात्र हे नाव आईबाप ठेवत नाहीत, ज्याचे तो ठेवतो.

प्रश्न : पर्यटकांच्या होड्यांना डॉल्फिन सरावतात, असे सांगितले जाते. मग होड्यांवर निर्बंध कशाला? आणि त्यांना मासे खाऊ घालण्यात काय वाईट आहे?

उत्तर : ‘सरावतात’ या शब्दाची खरी परीक्षा पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे झाली. तेथे 1980 च्या दशकापासून एकेक डॉल्फिन ओळखून त्याची नोंद ठेवली जात असल्याने होड्या येण्यापूर्वीची स्थिती माहीत होती आणि तुलनेसाठी पर्यटन नसलेला भागही शेजारीच होता. पर्यटन कंपन्या एकावरून दोन झाल्यावर त्या भागातील डॉल्फिनांची दाटी सरासरी 14.9 टक्क्यांनी घटली. शेजारच्या भागात तशी लक्षणीय घट झाली नाही. हे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले आणि सरकारने दोनपैकी एक परवाना कमी केला. या अभ्यासातील मर्म असे, की होड्यांचा त्रास ज्यांना अधिक होतो ते निघून जातात आणि मागे राहिलेले शांत दिसतात. ज्याने केवळ मागे राहिलेल्यांना पाहिले, तो ‘सरावले’ असाच निष्कर्ष काढणार.

खाऊ घालण्याचे दुष्परिणामही त्याच उपसागरातील मंकी मिया किनाऱ्यावर दिसले. मासे घेण्यासाठी आई उथळ पाण्यात रेंगाळत असे आणि तेवढा वेळ पिल्लू दुधाला व संरक्षणाला मुकत असे. अशा माद्यांची पिल्ले इतर माद्यांच्या पिल्लांपेक्षा अधिक मरत होती. 1990 च्या दशकात नियम कडक करून खाऊ घालणे मर्यादित केल्यावर पिल्ले जगण्याचे प्रमाण सुधारले.

माणसाचा सहवास नेहमी अपायकारकच असतो, असे मात्र नाही. ब्राझीलमधील लागुना येथे कोळी पाग घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात, डॉल्फिन बोय माशांचे थवे त्यांच्याकडे हाकतात आणि विशिष्ट हालचालीने जाळे टाकण्याची वेळ सुचवतात. दोघांच्याही पदरात अधिक मासे पडतात. ही रीत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे आणि तीत डॉल्फिनला शिकार स्वतःच करावी लागते. माझ्या मते फरक येथेच आहे.

प्रश्न : शंभर डॉल्फिनांपैकी वर्षाला दोन-तीन चुकून जाळ्यात मेले, तर एवढी काळजी कशासाठी?

उत्तर : कारण दोन-तीन हा आकडा शंभरांच्या समूहाला पेलणारा नाही. डॉल्फिनची मादी एका वेळी एकच पिल्लू देते. बाटलीनाक्या डॉल्फिनमध्ये गर्भकाळ सुमारे 12 महिन्यांचा असतो, पिल्लू दीड-दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ दूध पिते आणि दोन बाळंतपणांत साधारणपणे तीन ते सहा वर्षांचे अंतर पडते. अमेरिकेत मानवी कारणांनी किती मृत्यू सोसता येतील हे ठरवण्याचे एक सूत्र कायद्याने वापरले जाते. संख्येचा सावध अंदाज, कमाल वार्षिक वाढीचा निम्मा दर आणि 0.1 ते 1 यांमधील सुरक्षागुणक यांचा तो गुणाकार होय. डॉल्फिनांसाठी कमाल वाढ सामान्यतः 4 टक्के धरतात. 100 गुणिले 0.02 गुणिले 0.5 केले, की उत्तर येते 1. म्हणजे वर्षाला एक, आणि त्यात जाळी, होड्यांच्या धडका असे सारेच धरायचे.

न्यूझीलंडच्या माउई डॉल्फिनांचा 2020-21 मधील अंदाज, एक वर्षाखालील पिल्ले वगळून, केवळ 54 आहे. तोच आकडा धरून सर्वांत कडक गुणक, म्हणजे 0.1, लावला तर सुमारे नऊ वर्षांत एकच मृत्यू परवडतो. येथे आधी सांगितलेली मोजणीची अडचण आडवी येते. एवढ्या लहान समूहातील घट आकड्यांतून सिद्ध होण्यास अनेक वर्षे लागतात आणि तोवर समूह आणखी आटलेला असतो. म्हणून घटीचा पुरावा मागत बसण्यापेक्षा पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी जाळी त्या पट्ट्यातून आधी हटवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळ्यांना आवाज करणारी उपकरणे लावण्याचा उपाय पॉर्पॉइजच्या बाबतीत चांगला ठरला आहे. बाटलीनाक्या डॉल्फिनांच्या बाबतीत त्याची तितकी खात्री देता येत नाही.

जाळी हटवल्याचा परिणाम किती सावकाश दिसतो, हे न्यूझीलंडच्याच बँक्स द्वीपकल्पाजवळ कळले. हेक्टर डॉल्फिनांसाठी तेथे 1988 मध्ये अभयारण्य झाले. 1986 ते 2006 या 21 वर्षांच्या छायाचित्रांवरून असे निघाले, की वर्षभर जगून राहण्याचे प्रमाण 86.3 टक्क्यांवरून 91.7 टक्क्यांवर गेले. तरीही ती वाढ समूहाची घसरण पुरती थांबवण्यास कमी पडत होती, कारण डॉल्फिन अभयारण्याच्या सीमेबाहेरही जात आणि तेथे जाळी होतीच.