रात्रभर वाजणारी ढोलकी

‘आईला रात्री गाणी ऐकू येतात. घरात दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. ती झोपत नाही न् आम्हालाही झोपू देत नाही. डोक्यावर परिणाम झालाय का?’ हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कुणाच्या आईला आरती ऐकू येते, कुणाच्या वडिलांना लग्नाचा बँड, तर एका निवृत्त गुरुजींना राष्ट्रगीत. विचारणारी बहुतेक वेळा लेक नाहीतर सून असते. अशा वेळी मी आधी विचारते, ‘त्यांना ऐकायला कसं येतं?’ उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: ‘कमीच येतं, पण त्याचं काय?’

लोहा तालुक्यातल्या एक मावशी नांदेडला माझ्याकडे आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वय सत्तरीच्या पुढं, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. सून सांगत होती, ‘आत्याबाईला भजन ऐकू येतंय मॅडम. रात्री उठून दार उघडतेत, कुठं वाजायलंय म्हणून गल्लीत बघतेत. गावात कुणी म्हणतंय देवाची किरपा हाय, कुणी म्हणतंय बाहेरचं हाय.’ दोन्ही उपाय करून झाले होते. अंगारा लावला होता, लिंबू उतरवलं होतं आणि कानात कोमट तेलही घातलं होतं. (हे तेल कृपा करून घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर नुकसानच होतं.)

मावशींना माझं बोलणं नीट कळेना, म्हणून मी खोलीतला पंखा बंद केला आणि त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले. पंखा थांबताच त्या म्हणाल्या, ‘बघा, वाढलं.’ त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. तो ठेका काही टाळ-मृदंगाचा नव्हता. सुनेला मी जरा बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, ‘मावशी, असं भजन कुठल्या देवळात असतं हो?’

आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, मग सांगितलं. वाजत होती ती लावणी. लहानपणी मार्गशीर्षात वडिलांबरोबर माळेगावच्या जत्रेला जायचं. खंडोबाचं दर्शन झालं की वडील तमाशाच्या तंबूत, आणि बायका-लेकरं बैलगाडीपाशी. रात्रभर ढोलकी कानावर पडायची, दिसायचं काही नाही. तीच ढोलकी, बाईचा तोच आवाज आणि एकच ओळ आता रात्र रात्र चालली होती. ‘माळ घातल्यावर हे असलं कसं सांगू कुणाला? येड लागलं म्हणतेल, न्हाईतर चाळे सुचले म्हणतेल.’

त्यांची झोप गाण्यानं जितकी उडाली होती, त्याहून जास्त या लाजेनं उडाली होती असं मला वाटतं. गाणं सुरू झालं की पाप लागल्यासारखं उठून बसायचं, ते कधी थांबतं याची वाट बघायची, आणि जितकं कान देऊन ऐकावं तितकं ते ठळक व्हायचं. पहाटे डोळा लागायचा. मग दिवसा दोन-दोन तास झोप आणि रात्री पुन्हा तेच.

ऐकणं कमी झालं की कानाकडून मेंदूला जाणारी माहिती आटते, पण ऐकण्याचं काम करणारा मेंदूचा भाग काही स्वस्थ बसत नाही. रेडिओवर स्टेशन नीट लागेना की आपण आवाज चढवत जातो, तसाच तो स्वतःची संवेदना वाढवतो आणि मग आठवणीत साठलेलं स्वतःच वाजवू लागतो. वाजतं ते सहसा जुनं, लहानपणी पुन्हा पुन्हा ऐकलेलं. माणूस पापभीरू आहे की रंगेल, हे मेंदू बघत नाही. म्हणून माळकरी बाईला लावणी ऐकू येते आणि नास्तिक माणसाला आरती. हा त्रास वयस्कर, कमी ऐकू येणाऱ्या माणसांत जास्त दिसतो, त्यातही बायकांमध्ये. नुसतं एवढंच असेल तर ते वेड नव्हे.

नुसतं एवढंच आहे ना, हे मात्र डॉक्टरांनी तपासायला हवं. आवाज हुकूम सोडत असेल, शिव्या देत असेल, कुणी वाईटावर आहे असं सांगत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. फिट येणं, नवा गोंधळ उडणं, विसरभोळेपणा वाढणं यासाठी मेंदूची तपासणी लागते. एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा, तिथं उशीर महागात पडतो. आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी किंवा ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेनंही असं वाजू शकतं. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

मावशींच्या कानातला मळ काढला आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी झाली. दोन्ही कानांची रेघ ६० डेसिबलच्या खाली उतरलेली, म्हणजे ६० डेसिबलहून मोठा आवाज असला तरच त्यांना ऐकू यायचा. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे घरातलं बरंचसं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. घरच्यांना वाटायचं, म्हातारी मुद्दाम लक्ष देत नाही.

खरा उपाय कानाच्या मशीनचा. बाहेरचे आवाज आत जाऊ लागले की बऱ्याच जणांचं आतलं गाणं मंदावतं. पण मशीन आणून कपाटात ठेवलेली घरं मी खूप बघितलीत. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा लागतो, आणि माणूस ते काढून ठेवतं ते कायमचंच. म्हणून सुरुवात घरातच, दिवसाला तास-दोन तास, एका वेळी एकाच माणसाशी बोलत करायची. पैशांचं म्हणाल तर ६५ वर्षांवरच्या, वर्षाला २ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये मिळण्याची सोय २०२४ पासून आहे. चांगलं डिजिटल मशीन तेवढ्यात येत नाही, हेही सांगून टाकते.

रात्री मशीन काढावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच गाणं चढतं. घरच्यांनी मायेपोटी मावशींना मागच्या खोलीत एकटं झोपवलं होतं, दारं-खिडक्या लावून, ‘शांत झोपू दे’ म्हणत. या त्रासात एवढी शांतता म्हणजे आगीत तेल. लाइट जाऊन पंखा थांबला की त्या हमखास उठतात, हे सुनेनं नंतर लक्ष ठेवून टिपलं. मग त्यांची बाज पुढच्या खोलीत आली. उशाशी छोटा रेडिओ ठेवला, सेलवर चालणारा, त्यांना जेमतेम कळेल इतका हळू. आतल्या गाण्यावर मात करायला आवाज मोठा करायचा नाही. त्यानं झोप उडते आणि शेजाऱ्यांशी भांडणं लागतात.

झोपेचं बाकी साधंच. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, संध्याकाळनंतरचा चहा बंद केला. झोप येईना तर अंथरुणात तळमळायचं नाही; उठून वाती वळायच्या, डोळे जड झाले की पुन्हा आडवं व्हायचं. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. पहिला आठवडा याचा राग येतो. मावशींनाही आला. झोपेची गोळी त्यांनी मागितली होती. या वयात तिनं तोल जाऊन पडायची भीती असते, म्हणून डॉक्टरांनी दिली नाही.

लावणीचं सुनेला सांगायचं की नाही, हे मी त्यांच्यावर सोडलं होतं. तिसऱ्या भेटीत त्यांनीच सांगितलं. सून खो खो हसली, ‘मंग म्हनून बोटं नाचतेत व्हय!’ त्यानंतर रात्री दार उघडून गल्लीत बघणं थांबलं. वाजतंय ते आपल्याच डोक्यात, हे एकदा घरात उघड झाल्यावर शोधायला जायचं काही उरलं नव्हतं.

गाणं पूर्ण गेलेलं नाही. चढलं की मावशी मनात हरिपाठ धरतात. कधी ते बदलतं, कधी ढोलकी तशीच चालते आणि त्या कूस बदलून झोपतात. मशीनचा सेल संपला आणि नवा आणायचा राहिला की मात्र दोन दिवसांत आवाज चढतो. सून आता किराण्याच्या यादीतच सेलचं पाकीट लिहिते, साखरेच्या वर.