बागेतल्या छोट्या तळ्याचं पाणी गढूळ झालंय, आत मासे आहेत. तुरटी फिरवू का?

मासे असतील तर तुरटी नकोच. तिने पाण्याची आम्लता वाढते आणि पाणी मृदू असेल तर मासे दगावू शकतात.

आधी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसून वरचं पाणी नितळ दिसलं तर ती माती आहे: कुंड्यांतून वाहून आलेली किंवा माशांनी उकरलेली. कुंडीतल्या मातीवर गोटे पसरा, काठ थोडा उंच करा, पंपाच्या तोंडाला स्पंज लावा.

पाणी हिरवंच राहिलं तर ते सूक्ष्म शेवाळ. बहुतेक वेळा हेच असतं. त्याला ऊन आणि खत मिळतंय, आणि हे खत म्हणजे उरलेलं खाद्य, माशांची विष्ठा, कुजलेली पानं. म्हणून दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य टाका, तळातला काळा गाळ उपसा आणि कमळ, जलकुंभी अशा झाडांनी निम्मा पृष्ठभाग झाका. जलकुंभी मात्र नदी-ओढ्यात कधीही फेकू नका, ती भयंकर पसरते.

सगळं पाणी एकदम बदलण्याचा मोह टाळा. नव्या पाण्यात शेवाळ पुन्हा धरतं, वर नळाच्या क्लोरीनने मासे मरतात. आठवड्याला पाव भाग बदला, तेही बादल्यांत दिवसभर उघडं ठेवलेलं पाणी घालून. फिल्टरचा स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळा, नळाखाली धुतला तर पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू जातात.

फरक दिसायला काही आठवडे लागतील. तोवर मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, विशेषतः पहाटे, तर लगेच हवेचा पंप लावा.