धरण पूर अडवतं की आणतं?

प्रश्न असा आहे की धरणं पूर अडवतात म्हणतात, मग दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठची गावं पाण्यात कशी जातात? मी सांगलीचा, त्यामुळे कोयनेचंच उदाहरण घेतो, दुसरं डोक्यात येतच नाही.

पुरापासून वाचवते ती धरणातली रिकामी जागा, पाणी नाही. हे एकदा लक्षात घेतलं की अर्धं उत्तर मिळालंच. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). आता समजा आवक, म्हणजे धरणात येणारं पाणी, १ लाख क्युसेक (सेकंदाला १ लाख घनफूट) आहे आणि दिवसभर तशीच राहिली, तर २४ तासांत साडेआठ टीएमसीच्या वर पाणी येतं. धरण नसतं तर हे सगळं तसंच कराडला कृष्णेत आणि तिथून खाली आमच्याकडे. पण धरणात २५ टीएमसी जागा शिल्लक असेल आणि खाली फक्त ३० हजार क्युसेक सोडले तर रोज सहा टीएमसी आत थांबतं, म्हणजे चारेक दिवस धरण तो मारा स्वतःच्या अंगावर घेतं, आणि पाऊस ओसरला की तेच पाणी बेताबेताने सोडतात. पाणी कुठे गायब होत नाही हो, फक्त एकदम न येता आठ-दहा दिवसांत वाटून येतं.

जागा संपली की मग जेवढी आवक तेवढा विसर्ग, म्हणजे तेवढंच पाणी खाली सोडायचं, दुसरा इलाजच नाही. टीव्हीवर दरवाजे दिसतात म्हणून धरणाला शिव्या बसतात, पण विसर्ग आवकेपेक्षा जास्त नसेल तर तेवढं पाणी धरणाशिवायही आलंच असतं. खरा वाद वेगळा आहे, धरण इतक्या लवकर भरू का दिलं? तर कोयना काही नुसती पुरासाठी बांधलेली नाही, वीज आणि शेती तिच्यावर आहे, पावसाळा संपताना ती भरलेली लागते. जुलैत जागा मोकळी ठेवली आणि पुढे पावसाने दडी मारली तर उन्हाळ्यात बोंब, भरून ठेवली आणि ऑगस्टमध्ये कोसळला तर पूर. कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची याचं वेळापत्रक असतं, पण पाऊस ते वाचून पडत नाही. तरी माझं मत विचाराल तर हवामान खात्याचा मोठा इशारा असेल तेव्हा आधीच थोडं सोडून जागा करायला कचरू नये.

फक्त पुरासाठीची धरणं बघायची तर अमेरिकेत ओहायोमध्ये आहेत. १९१३ च्या महापुरात डेटन शहर बुडालं, त्यानंतर मियामी नदीच्या खोऱ्यात अशी पाच बांधली. एरवी कोरडीच, दरवाजे नाहीत, पायथ्याला ठराविक मापाचे बोगदे, नदी त्यातून नेहमीसारखी वाहते आणि पूर आला की जादाचं पाणी आपोआप मागे तुंबतं. माणसाने निर्णय घ्यायची भानगडच नाही. पण एवढी जागा वर्षभर रिकामी ठेवायची चैन आपल्याला परवडेल का, सांगा.

आणि धरणाच्या खाली पडणारा पाऊस कोण अडवणार? कोयना, धोम, कण्हेर, वारणा या धरणांच्या खाली सांगलीपर्यंत मोठा मुलूख आहे, तिथले ओढे-नाले थेट नदीत येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धरणांच्या वर आणि खाली एकदमच कोसळत होता, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. अशा वेळी एकटी कोयना काय करणार?

म्हणून बातमीत "धरण ९० टक्के भरलं" एवढंच वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका, आवक किती, विसर्ग किती आणि जागा किती टीएमसी उरली हे तिन्ही एकत्र बघा.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल, म्हणजे त्याच्यामागे तुंबणाऱ्या पाण्याबद्दल मात्र इथे विचारू नका, त्याच्यासाठी वेगळा प्रश्न टाका, तिकडे सावकाश भांडू.