गावाला लागून बॅटरीत वीज साठवण्याचा प्रकल्प येतोय, विरोध करावा का?

तुम्ही लिहिलंय की शिंदखेडा तालुक्यात तुमच्या गावच्या सबस्टेशनला लागून हा प्रकल्प प्रस्तावित आहे, ग्रामसभेत ना-हरकतीचा विषय येणार आहे आणि गावात कुणी बॉम्ब म्हणतंय, कुणी किरण निघतात म्हणतंय, कुणी विहिरी नासतील म्हणतंय. माझं मत: आंधळा विरोध नको आणि आंधळी सहीही नको. अटी घाला आणि त्या ठरावात शब्दाशब्दाने उतरवून घ्या.

मी सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून नोकरी काढली, आता धुळ्यात असतो. किरणांचं लगेच सांगतो, तो विषय सोडून द्या. हाय टेन्शन लाइनखाली आपण वर्षानुवर्षं गुरं चारतोय, कुंपणाबाहेर त्याहून वेगळं काही होणार नाही.

आगीचं मात्र खरं आहे. या कंटेनरमध्ये लिथियमचे हजारो सेल असतात. एक बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, आणि ही साखळी बाहेरून पाणी मारून थांबत नाही, कारण उष्णता सेलच्या आतच तयार होते. ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ जुलै २०२१ मध्ये चाचणी चालू असताना थंड करणारं द्रव गळलं आणि आग लागली. तिथे २१२ युनिट, म्हणजे बॅटरीचे कंटेनर, होती, त्यातली दोनच जळाली, पण आग आटोक्यात यायला चार दिवस लागले. जवानांनी जळणारी युनिट जळू दिली आणि शेजारची थंड ठेवली. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला जानेवारी २०२५ मध्ये वेगळं झालं. जुन्या वीज केंद्राच्या इमारतीत सगळ्या बॅटऱ्या एका छपराखाली होत्या. हजाराहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली आणि नंतर आसपासच्या मातीत निकेल, कोबाल्ट, मँगनीज सापडलं.

म्हणून पहिली चौकशी रसायनाची करा. मॉस लँडिंगच्या बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या होत्या. आता बहुतेक ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतात, त्यात निकेल-कोबाल्ट नसतं आणि ती पेटायला जास्त तापमान लागतं. पेटतच नाही असं कंपनीचा माणूस म्हणाला, तर त्याच्याकडून ते लेखी मागा. देणार नाही. यूएल ९५४०ए नावाची चाचणी असते, एक सेल पेटवला तर आग कुठपर्यंत जाते ते त्यात बघतात. तिचा अहवाल आणि दोन कंटेनरमधलं अंतर दाखवणारा नकाशा, दोन्ही ग्रामपंचायतीत जमा करायला लावा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. आपल्याकडे चाऱ्याच्या गंजीला आग लागली की अख्खं गाव बादल्या, फवारणीचे पंप, टँकर घेऊन धावतं. इथे तसं धावलं तर पोरं मरतील. तापलेल्या सेलमधून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन फ्लोराइड असे वायू सुटतात आणि बंद कंटेनरमध्ये साठतात. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एप्रिल २०१९ मध्ये अशाच कंटेनरचं दार जवानांनी काही तासांनी उघडलं आणि स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. ते सगळे प्रशिक्षित, मास्क लावलेले. तेव्हा बंब कुठून येणार, दोंडाईच्याहून की शिरपूरहून, किती वेळात, त्या जवानांना या बॅटरीचं प्रशिक्षण कोण देणार, आणि रात्री दोन वाजता गावात भोंगा वाजला तर वारा बघून कुठल्या बाजूला जायचं, हे प्रकल्प चालू होण्याआधी ठरलं पाहिजे. गावातला एखादा बाबा उठून 'रातले आग लागनी ते आमी कथा पयानं?' (रात्री आग लागली तर आम्ही कुठे पळायचं?) विचारेल. लोक हसतील, पण सभेतला तोच सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बाहेरचं कमाल तापमान किती धरून कूलिंगची रचना केली, हे विचारा. शिवाय कुंपणाला लागून कपाशीची शेतं असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लोक बांधावर पऱ्हाट्या पेटवतात. कुंपणाच्या आत-बाहेर गवत काढून खडीचा पट्टा कोण राखणार? कूलिंगच्या पंख्यांचा आवाजही असतो. वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तीच अट म्हणून लिहा.

विहिरींचं म्हणाल तर रोजच्या वापरात धोका थोडा, आग विझवताना वाहून जाणाऱ्या पाण्याचा जास्त. ते नाल्यात न जाता अस्तर केलेल्या कुंडात अडलं पाहिजे. काम सुरू होण्याआधी जवळच्या दोन-चार विहिरींचं पाणी भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपून ठेवा. नंतर वाद झाला तर तुलनेला काहीतरी हातात हवं.

जमिनीचं तुमच्या तालुक्याला मी काय सांगावं? विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि त्यातच ते वारले, ते वीज प्रकल्पाला गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरूनच. इथे जमीन भाडेपट्ट्याने मागत असतील तर सौर कृषी वाहिनी योजनेचा दर, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, हा तुमचा पाया धरा. साठवणुकीचे करार आपल्याकडे बऱ्याचदा १२ वर्षांचे असतात आणि भाडेपट्टा त्याहून लांब मागतात. मधल्या काळात जुने कंटेनर कोण उचलणार? बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम जबाबदारी उत्पादकावर टाकतात, पण तुमच्या शेतातून ते हलवण्याचा खर्च आणि त्यासाठीची बँक हमी भाडेपट्ट्यातच लिहिलेली असावी.

प्रकल्प वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. दुपारी सौर वीज जास्त होते आणि संध्याकाळी दिवे लागले की कमी पडते, म्हणून साठवण लागणारच. १०० युनिट भरले की साधारण ८५ परत मिळतात, तोटा आहे पण परवडतो. फक्त 'गावाला रोजगार' या आश्वासनावर भाळू नका, उभारणीनंतर तिथे पहारेकरी आणि मोजकीच माणसं लागतात.

ठराव झाला की सही-शिक्क्याची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) त्याच आठवड्यात घ्या. माझ्या माहितीतल्या एका गावात सभेत पाऊण तास अटींवर भांडण झालं आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' एवढंच लिहिलं गेलं.