बॅरी बाँड्सला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला हवं होतं का?

स्टिरॉइड घेतल्याच्या संशयामुळे या अमेरिकन खेळाडूला त्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात जागा मिळाली नाही. माझ्या मते मिळायला हवी होती, आणि मी काही बाँड्सचा भक्त नाही. पण १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर हा दुसरा खेळाडू ७० होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) ठोकत होता तेव्हा त्याच्या लॉकरमध्ये अँड्रो या स्टिरॉइडसारख्या गोळ्यांची बाटली पत्रकारांना सरळ दिसली होती. बेसबॉलमध्ये तेव्हा तिच्यावर बंदीच नव्हती! स्टेडियम भरत होती, मग बोलणार कोण? (टाळ्या पिटणाऱ्यांत आम्ही चाहतेही आलोच.) पकडलं तर शिक्षा, अशा उत्तेजकांच्या चाचण्या २००४ पासूनच्या. त्या काळचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, बड सेलिग २०१७ मध्ये मानाने हॉलमध्ये गेले. ७६२ होमरनवाला बाँड्स २०२२ मध्ये पत्रकारांच्या ६६ टक्के मतांवर अडकला, लागतात ७५. त्याने कारकिर्दीतल्या सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला तो ७५६व्या होमरनचा चेंडू मात्र हॉलकडे आहे, वर संशयाची चांदणी (*) कोरलेला.